जॅक जॅक्सनला इतिहासकार म्हणायचं की नाही?

शाईपेन:
टेक्ससचा कॉमिक चित्रकार जॅक जॅक्सन 2006 साली गेला. त्याची आठवण निघाली की लोक 1964 चं 'गॉड नोज' हे अगदी पहिल्या अंडरग्राउंड, म्हणजे बड्या प्रकाशकांच्या आणि नियमांच्या बाहेर छापलेल्या, कॉमिकपैकी एक, मग सॅन फ्रान्सिस्को, रिप ऑफ प्रेस ही कॉमिक छापणारी कंपनी, हिप्पी जमाना, इतकं बोलतात आणि विषय संपवतात. मला याचा राग येतो, कारण त्याचं खरं काम त्यानंतरचं आहे. 1982 चं 'लोस तेहानोस' घ्या. त्यात हुआन सेगीन आहे, मेक्सिकन वंशाचा टेक्ससवाला, 1836 मध्ये टेक्सस मेक्सिकोपासून फुटताना मेक्सिकोच्या फौजेने वेढलेल्या अलामो गढीत होता, निरोप देऊन बाहेर पाठवला म्हणून वाचला, पुढे सॅन जसिंटोला मेक्सिकोच्या फौजेविरुद्ध लढला, 1837 मध्ये अलामोत पडलेल्यांची राख त्यानेच मानाने पुरली. आणि 1842 मध्ये सॅन अँटोनिओचा मेयर असताना गोऱ्यांनी गद्दार ठरवून त्यालाच मेक्सिकोत पळायला लावलं! अलामो म्हटलं की तिथे पडलेला डेव्ही क्रॉकेट सगळ्यांना आठवतो, सेगीन कुणाला आठवतो? असा माणूस शोधून, कागदपत्रं धुंडाळून पानापानावर उभा करणारा इतिहासकार नाही तर कोण?

कडुलिंब:
सेगीनबद्दल सगळं मान्य, पण 'लॉस्ट कॉज' सोयीस्कर गाळलंत. 1998 चं पुस्तक, अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामगिरीच्या बाजूने लढून हरलेला टेक्सस, आणि मध्यभागी जॉन वेस्ली हार्डिन हा कुख्यात गोरा खुनी. गुलामगिरीतून सुटलेली माणसं पहिल्यांदा मत देतायत, 1870 पासून राज्य पोलिसात काळे शिपाई आलेत, आणि हे सगळं आपण बघायचं कुणाच्या डोळ्यांनी, तर ज्याने पंधराव्या वर्षी नुकत्याच मुक्त झालेल्या माणसाला गोळ्या घातल्या त्याच्या गोतावळ्याच्या. पुस्तकावर वंशवादाचा आरोप झाला तो उगाच नाही झाला.

शाईपेन:
गाळलं नाही, त्याकडेच येत होतो. हा माणूस आयुष्यभर हरलेल्यांच्या बाजूला जाऊन बसला. 'कोमांची मून'मध्ये सिंथिया अ‍ॅन पार्कर बघा, 1836 मध्ये नऊएक वर्षांची गोरी पोरगी असताना कोमांची या मूळ अमेरिकी जमातीने पळवलेली, त्यांच्यातच वाढली, संसार केला, 1860 मध्ये गोऱ्यांनी तिला 'सोडवून' आणली तर ती परत जायला धडपडत राहिली. तिचाच मुलगा क्वाना, पुढे कोमांचींचा पुढारी. विजेत्यांच्या गोष्टीत ती सुटका आहे आणि जॅक्सनच्या गोष्टीत दुसरं अपहरण. तीच नजर त्याने स्वतःच्या मुलखातल्या हरलेल्या गोऱ्यांकडे वळवली, एवढंच.

कडुलिंब:
तिथेच तर घोळ आहे ना. हरलेले सगळे एका माळेचे मणी नसतात. 29 नोव्हेंबर 1864 ला कोलोरॅडोत सँड क्रीकला शायेन या मूळ अमेरिकी जमातीचा सरदार ब्लॅक केटल याने तंबूवर अमेरिकेचा झेंडा आणि पांढरं निशाण लावलं होतं तरी अमेरिकी कर्नल चिव्हिंग्टनच्या सैनिकांनी बायकापोरं कापली, त्या शायेन-अरापाहो लोकांनी जीव गमावले. टेक्ससच्या मळेवाल्यांनी काय गमावलं? माणसं विकत घ्यायचा हक्क. दोघांना एकाच सहानुभूतीने रंगवलं की न्याय नाही होत.

माळरान:
मधेच बोलतो. सँड क्रीकवर जॅक्सनने 'निट्स मेक लाइस' केलंय, 1976 चं, 'स्लो डेथ' या अंडरग्राउंड कॉमिक अंकमालिकेत आलेलं. लिखांच्याच उवा होतात म्हणून पोरंही मारा, हे चिव्हिंग्टनच्या नावावर सांगितलं जाणारं वाक्य, तेच शीर्षक. 1954 नंतर स्टँडवरच्या कॉमिकना जी नियमावली होती तिच्यात असली पानं छापूनच आली नसती, ती अंडरग्राउंडमुळे आली. पण मला ती पानं बघवत नाहीत आणि कत्तल इतकी जवळून दाखवल्यावर वाचक मेलेल्या माणसाचा विचार करतो की नुसता शहारतो, हे मला आजही कळत नाही. तरी अमर चित्र कथेवर वाढलेल्या मला, जिथे नायकाच्या अंगावर धूळसुद्धा बसत नाही, असा इतिहास चित्रात येऊ शकतो हे त्यानेच दाखवलं.

शाईपेन:
शहारणं वाईट का? शिवाय तो फक्त चित्रवाला नव्हता. 'लोस मेस्तेन्योस' हे 1721 ते 1821 मधल्या स्पॅनिश गुरंपालनावरचं जाडजूड गद्य पुस्तक त्याचंच, 1986 ला टेक्सस ए अँड एमच्या विद्यापीठ प्रकाशनाने काढलेलं. विद्यापीठवाल्यांनी मानलं, आपण अजून 'हिप्पी चित्रकार' म्हणतोय.

कडुलिंब:
ठीक, इतिहासकार म्हणा, मग फूटपट्टीही इतिहासकाराचीच लावा. काळा अमेरिकन इतिहासकार डू बॉइसने यादवीनंतरच्या त्याच काळावरचं, मुक्त झालेल्या काळ्या लोकांच्या बाजूने लिहिलेलं पुस्तक 1935 मध्ये काढलंय, 'लॉस्ट कॉज'च्या 63 वर्षं आधी. स्पॅनिश अमदानीतले गुरांचे कागद शोधणाऱ्याला हे सापडलं नसतं असं मी मानणार नाही. त्याने निवड केली.

शाईपेन:
निवड केली हे बरोबर, आणि ती चुकीची निवड होती हेही बरोबर. फूटपट्टी लावा, मी अडवणार नाही. फक्त तीच फूटपट्टी सेगीनच्या पानांनाही लावा, मग बघा किती इंच भरतात ते. 'लॉस्ट कॉज' कपाटातून काढू नका, डू बॉइसच्या शेजारी ठेवा आणि दोन्ही वाचा.