लाटांवर वीज का करत नाही आपण?

रावपुराकर: रविवारी आईला घेऊन गुजरातेत खंभातच्या आखातावरच्या कावी-कंबोईला गेलो होतो, स्तंभेश्वरच्या देवळात, भरतीत शिवलिंग पाण्याखाली जातं ते बघायला. तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय, एवढं पाणी रोज फुकटात वरखाली होतंय तर लाटांवर वीज का करत नाही कोणी? धाकटा भाऊ म्हणतो सगळं लॉबीचं राजकारण. जरा सोप्या भाषेत सांगा कोणीतरी.

रिटायर्ड_टर्बाइनवाला: अरे, तू बघितलीस ती भरती, लाट नव्हे! भरती चंद्र-सूर्याची, तिचं टाइमटेबल वर्षभर आधी छापतात. लाटा वाऱ्याच्या, आज आहेत उद्या नाहीत. लाटांवर आपल्याकडे करून झालंय, केरळात विझिंजमला १९९१ मध्ये, आयआयटी मद्रासवाल्यांनी, १५० किलोवॅटचं. काँक्रीटची खोली, खालून समुद्राला उघडी, लाट शिरली की हवा बाहेर ढकलली जाते, ओसरली की आत ओढली जाते, थेट लोहाराचा भाता. आणि हवा कुठूनही येवो, वेल्स टर्बाइन फिरणार एकाच दिशेला. काय डोकं लावलंय! पुढे बंद केलं ते.

खारापाणी: काका बरोबर, पण बंद का पडतात तेही सांगा ना. लाटेची उंची दुप्पट झाली की ताकद चौपट होते, म्हणजे मशीन बांधायचं वादळाच्या हिशेबाने आणि कमाई मात्र रोजच्या किरकोळ लाटांवर. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर खरा जोर पावसाळ्यात, आणि नेमकं तेव्हाच काही बिघडलं तर बोट जाऊ शकत नाही. वर गंज, मशीनला चिकटणारी कालवं, समुद्राखालची केबल... पोर्तुगालने २००८ मध्ये पेलामिस कंपनीची लाटांवर वीज करणारी तीन मशीनं समुद्रात सोडली, मिळून २.२५ मेगावॅट, काही महिन्यांत परत ओढून आणली. २०१४ मध्ये कंपनीच गुंडाळली.

रावपुराकर: मग भरतीवरच करा ना, ती तर आपल्या दारात आहे.

रिटायर्ड_टर्बाइनवाला: होतं की. फ्रान्सचं रान्सचं भरतीवरचं वीजकेंद्र १९६६ पासून चालू आहे, २४० मेगावॅट. पण त्याला बंधारा लागतो, आणि खंभातच्या आखातात गाळ किती ते तू पाय रुतवून आला असशीलच.

खारापाणी: छोट्या कामाला लाटा चालतील हां, समुद्रातल्या उपकरणांना वगैरे. आयआयटी मद्रासने २०२२ मध्ये तुतिकोरिनजवळ सिंधुजा-१ नावाचं लाटांवरचं छोटं मशीन ट्राय केलं. १०० वॅट. एक पंखा आणि एक बल्ब.

सेवउसळ: आमच्या गच्चीवर सोलर आहे, पंधरा दिवसांनी ओलं फडकं मारतो. समुद्रात फडकं मारायला कोण जाणार?

रावपुराकर: 😂 भावाला सगळं वाचून दाखवलं. तो अजून लॉबीच म्हणतोय.