बाबांसाठी गॉगल घ्यायचाय, मदत हवी आहे

बाबांचं आयुष्य द्राक्षबागेत उन्हात गेलं. उजव्या डोळ्यात नाकाच्या बाजूने बुबुळाकडे गुलाबीसर मांस वाढत चाललंय. डॉक्टर म्हणाले, बाहेर पडताना गॉगल हवाच. आठवडी बाजारातून दीडशेचा काळाकुट्ट गॉगल आणला, काचेवर 'यूव्ही ४००' स्टिकर. पण नुसत्या काळ्या काचेने बाहुली मोठी होते आणि काच अतिनील किरण अडवत नसेल तर ते उलट जास्त आत जातात, हे कळल्यापासून धास्तीच बसलीय.

४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण खरंच अडतात का, हे चष्म्याच्या दुकानात मशीनवर तपासून देतात का? बाबांना नंबरही आहे, प्लस दीड. नंबरचाच गॉगल करावा की चष्म्यावरून घालायचा? बाजूने ऊन येणार नाही असा कुणी वापरलाय का? कृपया सांगा.