शिकवण्याचा अनुभव शून्य, परदेशात इंग्रजी शिकवायला व्हॉलंटियर म्हणून जाऊ का?

नवखी_२३
नमस्कार मंडळी. नुकतंच ग्रॅज्युएशन झालंय, नोकरीला लागायच्या आधी चारेक महिने हातात आहेत आणि आग्नेय आशियात कुठेतरी मुलांना इंग्रजी शिकवायला जायचं डोक्यात बसलंय. एका संस्थेशी मेलवर बोलणं झालं, ते म्हणतात अनुभव लागत नाही, इंग्रजी बोलता आलं की झालं, राहण्याजेवण्याचं ते बघतील पण दर आठवड्याला पैसे मी भरायचे. इंग्रजी माझं बरं आहे, पण शिकवण्याच्या नावाने बोंब. चुलतभावाला एकदा गणित शिकवायला बसले तर दहा मिनिटांत दोघंही रडकुंडीला आलो. आधी टेफल, म्हणजे इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना इंग्रजी शिकवण्याचा कोर्स, करू का? आणि 'ही कुठे इंग्रज आहे' असं म्हणतील का तिथे? खरं खरं सांगा, झापलंत तरी चालेल.

खडूवाली
झापत नाही गं, माझीच फजिती सांगते. मी पण अशीच गेले होते, तीन महिने. पहिला तास चाळीस मिनिटांचा, रात्री जागून तयारी केली आणि अकराव्या मिनिटाला माझ्याकडचं सगळं संपलं. मग काय, दर वाक्याला 'डू यू अंडरस्टँड?' विचारत सुटले आणि पोरं एका सुरात 'येस टीचर'. मी खूश. वह्या गोळा केल्या तर तिघांनी फळ्यावरच्या वाक्यांखाली 'डू यू अंडरस्टँड' पण लिहिलेलं, तेही चुकीच्या स्पेलिंगने, म्हणजे त्यांना तो धड्याचाच भाग वाटला 😅

तेव्हापासून तो प्रश्न बंद. कळलं का विचारायचं नाही, करायला लावायचं. 'अंडर द टेबल' शिकवलंस ना, मग हातात पेन दे आणि ठेव म्हण टेबलाखाली, हात कुठे जातो ते बघ. सूचना पण तोडून द्यायच्या, 'ओपन. पेज टेन. रीड.' तिथे 'आय वुड लाइक यू टू' वगैरे शिष्टाचार करत बसलीस की पोरं खिडकीबाहेर. हातवारे करायची आधी लाज वाटते, आठवड्याभरात माणूस बेडूकसुद्धा बनतं.

पण खरी चपराक वेगळीच बसली. दुसऱ्या आठवड्यात ओळख करून द्यायला शिकवत होते, एक मुलगी उठली आणि एका दमात नाव, वय, आवडता रंग निळा, थँक्यू टीचर म्हणून खाली बसली. मी चाट. तिच्या दप्तराकडे बोट दाखवून विचारलं हा कोणता रंग, तर गप्प. तिथल्या बाईंनी मग हसत हसत सांगितलं की या वर्षातली तू पाचवी, आणि प्रत्येक जण 'माय नेम इज' पासूनच सुरू करतो. पुढे सरकतच नाही गाडी. त्यानंतर मी वेगळा वर्ग घेणं सोडलं, बाईंच्याच तासाला मदतनीस म्हणून बसायला लागले, बोलायचा सराव मी घ्यायचा, बाकी त्या. आणि एक जाड वही घातली, रोज काय झालं, कोण कुठे अडकतं, कोणता खेळ फसला, सगळं त्यात. जाताना ती बाईंच्या हातात दिली. तू जाशील तिथे आधी ही वही माग. नसेल तर काय ते समज.

अर्धा_प्रवासी
टेफलचं थोडक्यात सांगतो. हे कोणा एका संस्थेचं सर्टिफिकेट नाही, वाट्टेल तो देतो, साधारण १२० तासांचा कोर्स धरतात. पण नुसते ऑनलाइन व्हिडिओ बघून मिळत असेल तर वर्गात उभं राहिल्यावर त्याचा फार उपयोग नाही. केंब्रिजचा सेल्टा नावाचा शिक्षकांचा कोर्स असतो त्यात खऱ्या विद्यार्थ्यांना ६ तास शिकवावं लागतं, मागे बसून कोणीतरी चुका टिपत असतं, पण तो महाग आणि चार महिन्यांसाठी अति होईल. त्यापेक्षा जायच्या आधी कुठेही सात-आठ मुलं जमवून महिनाभर शिकव.

माझी शंका संस्थेबद्दल आहे. अमेरिकेचं सरकारी पीस कॉर्प्स १९६१ पासून परदेशात व्हॉलंटियर पाठवतंय, ते आधी साधारण तीन महिने तिथेच ट्रेनिंग देतात आणि मग दोन वर्षं ठेवतात. इथे चार महिने, ट्रेनिंग नाही, उलट पैसे तूच भरणार. त्यातले शाळेला किती जातात ते लेखी विचार. व्हिसा कुठला ते विचार, 'टुरिस्टवर या, कोणी बघत नाही' म्हणाले तर तिथेच रामराम, थायलंडमध्ये बिनपगारी शिकवायलासुद्धा वर्क परमिट लागतं, पकडलं तर तू, ते नाही. पोलीस व्हेरिफिकेशन न मागता मुलांमध्ये सोडत असतील तर तुझ्या आधी कोणाकोणाला सोडलं असेल याचा विचार कर. आणि अनाथाश्रम म्हणत असतील तर नकोच. कंबोडियात असल्या ठिकाणच्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचं निघालं होतं, व्हॉलंटियर येतात म्हणून मुलं ठेवली जातात असा तो उलटा धंदा.

गप्पिष्ट
अरे किती घाबरवाल तिला! इंग्रज नसण्याचं तर अजिबात मनावर घेऊ नको. आपण 'अ' आणि 'द' घोकून शिकलोय, कुठे अडखळायला होतं ते आपल्याला माहीत असतं, जन्मापासून बोलणाऱ्याला 'द' का लागतो विचार, तो म्हणेल असंच म्हणतात.

मी व्हिएतनाममध्ये होतो तिथे नाइस, नाइन, नाइट तिन्हीचं 'नाय' व्हायचं. त्यांच्या भाषेत 'आय' नंतर व्यंजन येतच नाही, त्यामुळे शेवट गिळला जातो. मी शेवटच्या आवाजाला टेबलावर बोटाने टक करायचो, नाय-टक-स. नंतर पोरंच एकमेकांना टकटक करायला लागली, कान किटले माझे. सांगायचं काय, असं एकच काहीतरी धर, चार महिन्यांत तेवढं होतं.

नवखी_२३
सगळ्यांना थँक्स, खडूवाली ताई तुम्हाला जास्त. चुलतभावाला परत पकडलंय, काल 'अंडर द टेबल' म्हटलं तर पट्ठ्याने माझा फोन ठेवला, शोधत बसले. संस्थेला तीन प्रश्न पाठवले होते, व्हिसा कुठला, शाळेला किती पैसे जातात, आणि आधीच्या व्हॉलंटियरची वही आहे का. आज उत्तर आलं. टी-शर्टचा साइझ कळवा म्हणतात.