सायकलच्या कॅरियरसाठी २ मिमी अ‍ॅल्युमिनियम: घरी जोडता येईल का?

घाटवाट:
साताऱ्यात राहते. सायकलवर लांब जायची हौस आहे. बाजारातलं कॅरियर माझ्या फ्रेमला बसत नाही म्हणून स्वतःच करायचं मनात आहे. खिडकीवाल्याकडून २ मिमी जाडीच्या चौकोनी नळ्यांचे तुकडे आणलेत, चॉकलेटी रंगाचे. घरी २०० अँपियरचं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन आहे. गेटची, कुंड्यांच्या स्टँडची लोखंडी कामं त्यावर नीट होतात. मशीनवर 'लिफ्ट टिग' (टिग म्हणजे आर्गन वायूच्या झोतात करायचं वेल्डिंग) असंही छापलंय. टॉर्च आणि आर्गनची बाटली घेतली तर अ‍ॅल्युमिनियम जमेल? दुसरं म्हणजे, गॅसच्या बर्नरवर वितळणाऱ्या कांड्यांचे व्हिडिओ सारखे दिसतात. कोल्ड्रिंकच्या कॅनला भोक पाडून बुजवून दाखवतात. त्यांनी भागेल का? पिशव्यांचं वजन १२ किलोच्या आसपास असेल.

उद्यमनगरी, कोल्हापूर:
ताई, मशीनच्या पाटीवर 'एसी', म्हणजे दिशा उलटत राहणारा प्रवाह, लिहिलंय का ते आधी बघा. नुसतं लिफ्ट टिग म्हणजे डीसी, एकाच दिशेचा प्रवाह. त्यावर लोखंड, स्टेनलेस झकास होईल, अ‍ॅल्युमिनियमला हात लावू नका. हा धातू ६६० अंशाला वितळतो, पण त्याच्या अंगावर ऑक्साइडचा पापुद्रा कायम असतो आणि तो वितळायला २००० च्या वर जावं लागतं. डीसीवर आत धातूचं पाणी होतं, वरची साय काही फाटत नाही, आणि रॉड आत मिसळायच्या ऐवजी गोळी होऊन वर बसतो. एसीत प्रवाह उलटतो तेव्हा हा पापुद्रा उडतो. आर्गनवाले अ‍ॅल्युमिनियमसाठी एसी-डीसी मशीन घेतात ते यासाठीच.

तुमच्या नळीवर तर चॉकलेटी थरही आहे. अ‍ॅनोडाइझ असो की पावडर कोटिंग, सांध्याजवळ दोन बोटं तरी कानशीने घासून पांढरं अ‍ॅल्युमिनियम दिसलं पाहिजे. मग अ‍ॅसिटोनने पुसा आणि त्यानंतर स्टेनलेसचा ब्रश मारा. क्रम उलटा केला तर तेलकटपणा ब्रशने आत चोळला जातो. तो ब्रश लोखंडाला लावायचा नाही. ब्रेक क्लीनरने तर पुसूच नका. क्लोरिनवाला असला तर वेल्डिंगच्या उजेडात आणि उष्णतेत त्याचा विषारी फॉस्जीन वायू होतो.

जाडीच्या दर मिमीला साधारण ४० अँपियर धरतात, म्हणजे तुम्हाला ८० पर्यंत. रॉड ४०४३ या मिश्रधातूचा घ्या, तो चांगला वाहतो. सरावाला मात्र नळी नको, ३ मिमीची पट्टी घ्या आणि आधी रॉड न लावता नुसती रेघ ओढा. लोखंड लाल होऊन सांगतं. हे काहीच सांगत नाही, चकाकलं म्हणेपर्यंत खाली भोक पडलेलं असतं. पायाचा पेडल असेल तर अँपियर तिथल्या तिथे कमी करता येतात, त्यामुळे नवख्याला त्याचा फार आधार होतो.

जुगाडनाशिक:
कांड्यांबद्दल माझं मत जरा वेगळं. त्या अगदीच टाकाऊ नाहीत. बहुतेक जस्त-अ‍ॅल्युमिनियमच्या असतात, ४०० अंशाच्या आत वितळतात. एअर कंडिशनरची पातळ नळी, पंख्याचं कव्हर, तुटलेला कान, असं काम मी त्यांवर करतो. कांडी ज्योतीत धरायची नाही, तुकडा इतका तापवायचा की टेकवल्याबरोबर कांडी वितळेल. मग त्या ओल्या थराखाली स्टीलच्या टोकाने खरवडायचं, नाहीतर नुसती वर चिकटते. पण खड्ड्यांतून १२ किलो वाहायचं असेल तर मी नाही वापरणार. पिशवी मागच्या चाकात गेली तर काय?

घाटवाट:
पाटी बघितली, डीसीच आहे. एसी-डीसी मशीन घेतलं तर घरच्या १६ अँपियरच्या प्लगवर चालेल का? आणि आर्गन किती लागतो?

उद्यमनगरी, कोल्हापूर:
८० अँपियरला आर्कचा, म्हणजे वेल्डिंगच्या ठिणगीचा, दाब १३-१४ व्होल्टच असतो. मशीनमध्ये वाया जाणारं धरून हिशोब दीड-पावणेदोन किलोवॉटवर जातो, प्लग आरामात झेपेल. पूर्ण २०० वर मात्र चालवू नका. आर्गनची १० लिटरची बाटली १५० बारला भरली की सुमारे १५०० लिटर वायू होतो. मिनिटाला ८ लिटर सोडला तर तीन तास आर्क. पंख्याचा वारा सांध्यावर नको, पण बंद खोलीतही बसू नका, आर्गन हवेपेक्षा जड असतो, खाली साचून श्वासाची हवा हटवतो. गळा झाका, बाह्या पूर्ण घाला. अ‍ॅल्युमिनियमवरून उजेड उलटा येतो आणि हनुवटीखाली भाजतं.

एका कॅरियरसाठी मशीन घेणं मला पटत नाही. नळ्या घरीच कापून, फटी न ठेवता जुळवून लाकडाच्या साच्यात बांधा आणि आर्गनवाल्याकडे न्या. त्याचं काम थोड्या वेळाचं, पैसेही कमी घेईल. पुढे हौस वाढली तर मशीन आहेच.

अजून एक. खिडकीचं सेक्शन बहुधा ६०६३ या मिश्रधातूचं असतं, कारखान्यातून कडक होऊन आलेलं. वेल्ड केल्यावर सांध्याशेजारचा पट्टा मऊ पडतो, ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. म्हणून जास्त ताण येतो तिथे, म्हणजे खालच्या पायाशी, वेल्ड ठेवूच नका. ५ मिमी जाड पट्टी नळीच्या कडेला लावून दोन आरपार बोल्ट मारा आणि पट्टीच्या टोकाच्या भोकात सायकलचा एम५, म्हणजे ५ मिमीचा बोल्ट. लॉकनट घ्या, साधी नट घाटात सैल होते.