ऑटिझम असलेल्या मुलाला एनएईटी द्यावं का?

सीमावासी
एका पालकाचा अनुभव सध्या बेळगाव-खानापूरकडच्या पालकांत फिरतोय. मुलाला ऑटिझम आहे, एनएईटीचे (अ‍ॅलर्जी शोधून ती घालवण्याचा दावा करणारी पद्धत) उपचार घेतले आणि झोप व चिडचिड दोन्हींत फरक पडला, असं त्यांचं म्हणणं.

ही पद्धत देवी नंबुद्रीपाद यांनी 1983 मध्ये अमेरिकेत काढली. पदार्थाचा अंश असलेली काचेची कुपी एका हातात धरायची आणि दुसरा हात समोर ताठ ठेवायचा. तपासणारा तो खाली दाबतो. हात ढिला पडला की त्या पदार्थाची अ‍ॅलर्जी ठरते. मूल लहान असेल तर आई त्याला धरून बसते आणि दाब आईच्या हातावर दिला जातो. मग कण्याच्या दोन्ही बाजूंना बोटांनी दाबतात आणि 25 तास तो पदार्थ वर्ज्य. एका बैठकीला एकच पदार्थ, त्यामुळे बैठका वाढतच जातात.

माझं मत स्पष्ट आहे: ही तपासणीच भरवशाची नाही, मग उपचार कुठून असणार?

मलप्रभाकाठ
इतकं एका झटक्यात निकालात काढू नका. यात औषध नाही, सुई नाही. त्वचेवरची प्रिक टेस्ट (पदार्थाचा थेंब ठेवून बारीक टोचतात) निगेटिव्ह आली की "अ‍ॅलर्जी नाही" म्हणून पालकांना परत पाठवतात, पण पोटाच्या सगळ्याच तक्रारी त्या टेस्टमध्ये दिसत नाहीत. तासभर शांतपणे ऐकून घेणारा माणूस भेटला की पालक त्याच्याकडे जाणारच.

घटप्रभा
प्रिक टेस्टबद्दल बरोबर आहे. ती फक्त आयजीई (रक्तातलं एक प्रतिपिंड) प्रकारची, लगेच उठणारी अ‍ॅलर्जी दाखवते. 15-20 मिनिटांनी 3 मिमी किंवा जास्त फोड आला तर पॉझिटिव्ह, आणि तेही आधी डॉक्टरांना विचारून साधारण आठवडाभर सेटिरिझिनसारख्या गोळ्या बंद ठेवल्या असतील तरच. पण तिची मर्यादा आहे म्हणून कुपी खरी ठरत नाही. दाब किती, कधी, कोणत्या कोनात, हे तपासणाऱ्याच्या हातात, आणि कुपीत काय आहे हेही त्याला माहीत. कुप्या झाकून, दोघांनाही न सांगता घेतलेल्या चाचण्यांत ही पद्धत अंदाजापेक्षा सरस ठरलेली नाही.

खरा धोका पुढे आहे. शेंगदाण्याची खरी अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाला "आता बरा झाला" म्हणून सांगितलं, तर आपल्याकडे शेंगाची चटणी घरोघरी ताटात असते. न बोलणारं मूल घसा आवळतोय हे सांगू शकत नाही. आवाज बसणं, लाळ गळणं, गळा धरणं, अंगावर गांधी उठणं, एकदम मलूल होणं, हे दिसलं की थेट दवाखाना. तिथे मांडीच्या बाहेरच्या बाजूला अ‍ॅड्रेनलिन देतात, दर किलोला 0.01 मिग्रॅ. 15 किलोच्या मुलाला 0.15 मिग्रॅ. दाबबिंदूवर वेळ घालवायचा नाही.

मलप्रभाकाठ
शेंगदाण्याचं मान्य. तिथे मी कुणालाच एनएईटी सुचवणार नाही. पण मग त्या मुलाची झोप का सुधारली?

नाचणीची भाकरी
कारणं बरीच असू शकतात. या मुलांमध्ये बद्धकोष्ठता फार आढळते. कडक शौच आत अडकून राहतं आणि बाजूने पातळ झिरपतं. घरच्यांना वाटतं जुलाब झाले, दूध बाधतंय. मूल पोटावर पालथं पडतं, कुणाला हात लावू देत नाही, रात्री उठतं. बद्धकोष्ठता सुटली की वागणूकही बदलते. लोह कमी असेल तर झोपेत पाय हलत राहतात, म्हणून फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासायला सांगा. शिवाय पालक मुलाला नेतात ते सगळ्यात वाईट आठवड्यात. त्यानंतर काहीही न करता थोडा फरक पडतोच.

आणि 25 तासांचं वर्ज्य हळूहळू कायमचं होतं, हे मला जास्त सलतं. दूध, गहू दोन्ही बंद! आधीच हे मूल चार-पाच पदार्थच खात असतं. 7 ते 9 वर्षांच्या मुलाला रोज 650 मिग्रॅ कॅल्शियम लागतं. 100 ग्रॅम नाचणीत साधारण 350, म्हणजे 40 ग्रॅम पिठाच्या भाकरीतून 140. नुसत्या भाकरीवर भागत नाही. बरं, बंद तरी नीट होतं का? दूध थांबवतात पण ताक चालूच, आणि बांधणीच्या हिंगात मैदा असतो हे कुणी पाहत नाही. मग "फरक पडला नाही" की "पडला" हे कशावरून ठरवायचं?

सीमावासी
मग शंका असेल तर करायचं काय?

नाचणीची भाकरी
आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली एकच पदार्थ 2 ते 4 आठवडे बंद. झोपेचे तास, शौच, रडण्याच्या वेळा रोज वहीत. त्या काळात नवी थेरपी, नवं औषध काही सुरू करायचं नाही. मग पदार्थ परत द्यायचा, आणि त्रास परतला तरच त्याला दोष. पूर्वी लगेच सूज किंवा गांधी उठली असेल तर हा प्रयोग घरी नाही.

मलप्रभाकाठ
हे पटतं. पण इथली दुसरी अडचण कुणी मांडली नाही. थेरपी बहुतेक कन्नडमध्ये, घरी मराठी. मूल दोन्हीकडे अडखळतं आणि पालक थकून दुसरीकडे वळतात. ऐकून घेणाऱ्या उपचारकाकडे जाण्याचं मोठं कारण हेच आहे, अंधश्रद्धा नाही.

घटप्रभा
त्यांना अंधश्रद्धाळू मीही म्हणत नाही. आरबीएसके म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्ह्याच्या ठिकाणी डीईआयसी, म्हणजे मुलांना लवकर मदत देणारं केंद्र असतं. तिथे पहिल्याच भेटीत सांगा की घरी मराठी बोलतो. पाणी, भूक, शी, दुखतंय, नको, अजून, असे रोजचे शब्द चित्रकार्डांवर मराठीत लिहून द्या आणि तीच कार्डं थेरपिस्टनेही वापरावीत असा आग्रह धरा. "दुखतंय"चं कार्ड आधी शिकवा.