कोरियातलं हृदयविकाराच्या जोखीम घटकांचं चित्र: रक्तदाब जागेवर, कोलेस्टेरॉल तिप्पट?

आकडेमोड_:
दक्षिण कोरियाच्या राष्ट्रीय आरोग्य व पोषण सर्वेक्षणाची 1998 ते 2020 ची आकडेवारी बघतोय. पुरुषांमधलं धूम्रपान 66 वरून 34 टक्क्यांवर आलंय. तिशीपुढच्यांत उच्च रक्तदाब दोन्ही टोकांना 30 च्या जरा खाली. पण जास्त कोलेस्टेरॉल असलेले लोक 2005 मध्ये साधारण 8 टक्के होते, ते 2020 मध्ये 24 च्या आसपास! एवढी वाढ खरी मानायची का? आणि सगळी वर्षं एकत्र करताना काय सांभाळायचं?

नाडीपरीक्षा:
वाढ खरी आहे, पण सगळी रक्तातली नाही. व्याख्या बघा: एकूण कोलेस्टेरॉल 240 किंवा जास्त, *किंवा* औषध चालू. स्टॅटिनने (कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध) 170 वर आलेला माणूसही रुग्णांतच धरला जातो. तपासण्या आणि औषधं वाढली की टक्का वाढणारच. म्हणून तीन रकाने वेगळे काढा: औषध न घेणाऱ्यांत 240 च्या वरचे, औषध घेणारे, आणि सरासरी कोलेस्टेरॉल. पहिला रकाना किती हलला ते बघा, मगच आहाराला दोष द्या.

रक्तदाबाला तोच न्याय: 140/90 किंवा औषध. तिथे 2007 हे पायाभूत वर्ष धरू नका. त्या वर्षी आकडा 25 च्या आसपास उतरला होता, त्यामुळे तिथून मोजलं की वाढ दिसते आणि 1998 पासून मोजलं की काहीच नाही. एकाच आकडेवारीतून दोन उलटे निष्कर्ष निघतात ते असे. अमेरिकेचा 2017 चा 130/80 निकषही मध्येच घुसडू नका, कोरियाने 2018 मध्ये 140/90 च कायम ठेवला.

नमुनेदार:
हिशेबाच्या बाजूने:

नमुना स्तरित आणि समूहवार आहे (म्हणजे आधी लोकसंख्येचे स्तर पाडून त्यांतून वस्त्यांचे समूह निवडलेत), त्यामुळे स्तर, समूह आणि भार (एक माणूस किती जणांचं प्रतिनिधित्व करतो तो आकडा) हे तिन्ही चल सॉफ्टवेअरला सांगायलाच हवेत. नुसता भार दिला तर टक्का बरोबर येतो, पण विश्वासांतर (खरा आकडा ज्या मर्यादेत असावा ती) चुकतं, बहुतेकदा फार अरुंद. वर्षं जोडताना प्रत्येक वर्षाचा भार त्या वर्षाच्या वाट्याने कमी करा. समूहांची संख्या सारखी असेल तर तीन वर्षांसाठी सरळ तिनाने भागा. फक्त पुरुष हवेत म्हणून बायकांच्या ओळी उडवू नका, सॉफ्टवेअरमधला उपगटाचा पर्याय वापरा.

वय प्रमाणित करताना (म्हणजे सगळ्या वर्षांना एकच वयरचना लावताना) अधिकृत अहवालांसारखी 2005 ची लोकसंख्या घ्या. देश झपाट्याने म्हाताऱ्यांचा होतोय, कच्चा टक्का वयामुळेच फुगतो. साखर आणि ट्रायग्लिसराइडसाठी (रक्तातली एक चरबी) 8 तासांपेक्षा कमी उपाशी असलेले वगळा.

आकडेमोड_:
लठ्ठपणाचं काय? पुरुषांत 2019 ला 41.8 आणि 2020 ला थेट 48.

नाडीपरीक्षा:
तिथला निकष बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) 25 आहे, 30 नव्हे. युरोपच्या तक्त्याशेजारी ठेवू नका. एका वर्षातली ती उडी कोविडच्या वर्षातली आहे, तिच्यावरून कल काढू नका. पण 1998 ला पुरुष 25 आणि स्त्रिया 26 टक्के होत्या. स्त्रिया 2020 मध्येही 28 च्याच आसपास, पुरुष जवळपास दुप्पट. दोघांना एकत्र मोजलंत तर खरी गोष्टच झाकली जाईल.

नमुनेदार:
धूम्रपानातही स्त्री-पुरुष वेगळे बघा. स्त्रियांचा स्वतः सांगितलेला टक्का कमी येतो, कारण त्यांना कबुली देणं अवघड. लघवीतलं कोटिनिन (निकोटिनपासून शरीरात बनणारा पदार्थ) ज्या वर्षांत मोजलंय तिथे ते पडताळा. पुरुषांच्या आलेखावर जानेवारी 2015 ची खूण करा, तेव्हा सिगारेटचं पाकीट 2,500 वॉनवरून 4,500 झालं.