सेमिनार शुक्रवारी आहे, ४६ स्लाइड झाल्यात, काय काढू?

रानवारा
मदत हवी आहे, जरा लवकर. पीपीटी ४६ स्लाइडची झालीये. सर म्हणतात कमी कर, पण काय कमी करू ते सांगत नाहीत. मला तर सगळंच महत्त्वाचं वाटतंय. मैत्रिणींसमोर बोलून बघितलं तर मधेच अडकते आणि मग स्लाइड वाचत सुटते. कृपया 'आत्मविश्वास ठेव' सांगू नका, जुन्या धाग्यांत तेवढंच आहे.

उंबरठा
विषय कोणता? वेळ किती? समोर कोण बसणार? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

खडूफळा
पीपीटी ठेवा बाजूला. मी आयुष्यभर कॉलेजात शिकवलं ते खडू हातात धरून. फळ्यावर आकृती काढली की मुलं आपल्याबरोबर विचार करतात, पडद्यावर नुसती बघतात.

डॉलरचिन्ह
लाटेकमध्ये, म्हणजे कोड लिहून मजकूर मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये, बीमर वापरा, ते स्लाइड बनवतं. समीकरणं सुंदर दिसतात, मांडणी कधी हलत नाही. पॉवरपॉइंटमध्ये निम्मा वेळ चौकटी सरकवण्यातच जातो.

उंबरठा
@डॉलरचिन्ह, अहो, शुक्रवारी सेमिनार आहे तिचा. आता लाटेक शिकत बसेल का ती?

रानवारा
सॉरी, राहिलंच. एमएस्सी जिऑलॉजी, दुसरं वर्ष. विषय लोणार. १५ मिनिटं बोलायचं, ५ मिनिटं प्रश्न. इंग्रजीत. समोर विभागातले सगळे सर-मॅडम आणि ज्युनियर. समीकरणं नाहीत.

बेसॉल्ट
१५ मिनिटांत ४६ म्हणजे एका स्लाइडला २० सेकंदही नाहीत. १२-१३ वर ये. 'लोणार' हा विषय झाला, प्रश्न कुठला? तो एका वाक्यात लिही. उदाहरणार्थ: हे विवर ज्वालामुखीचं नसून उल्केच्या आघाताचं आहे, हे कशावरून? मग प्रत्येक स्लाइडला विचार, तू या प्रश्नाचं उत्तर देतेस का? मंदिरं, पक्षी, रामसर दर्जा, पर्यटन, सगळं बाहेर. १.८ किमी व्यासाचं विवर, तेही बेसॉल्टमध्ये, आणि चंद्र-मंगळावरच्या विवरांशी तुलना करायला म्हणून जगाला त्याचं महत्त्व, एवढी ओळख एका स्लाइडवर पुरे. खरा वेळ मॅस्केलिनाइटला दे. आघाताच्या दाबाने प्लॅजिओक्लेज या बेसॉल्टमधल्या खनिजाची काच होते, तेच मॅस्केलिनाइट; ज्वालामुखीत तेवढा दाब नसतो. ज्युनियरना हे एकदा कळलं की पुढचं सगळं कळतं. थिन सेक्शनच्या (सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या खडकाच्या पातळ कापाच्या) फोटोवर स्केल आणि फोटो कुणाचा ते हवंच. आमच्याकडे पहिला प्रश्न त्यावरच यायचा.

रानवारा
पण रासायनिक विश्लेषणाचे तक्ते सरांनीच ठेवायला सांगितलेत :(

बेसॉल्ट
मग 'थँक यू'च्या पुढे ठेव. प्रश्न आला की तिथे जायचं. सरांनाही चालेल.

पल्लवी_के
विसरण्याबद्दल कुणी बोललंच नाही. अख्खं भाषण लिहून पाठ कर. मी तसंच केलं होतं, एक शब्दही चुकला नाही.

खडूफळा
अजिबात नको! पाठ केलेलं एका शब्दाला अडलं की पुढचं सगळं जातं.

पल्लवी_के
काका, तुमचं इंग्रजी पक्कं असेल. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला आयत्या वेळी वाक्य सुचत नाही, त्याचं काय?

उंबरठा
दोघांचंही थोडं थोडं घे. पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं वाक्य पाठ. मधल्या प्रत्येक स्लाइडचं शीर्षकच पूर्ण वाक्य कर: 'लोणारचे खनिज-पुरावे' नको, 'मॅस्केलिनाइट आघाताशिवाय बनत नाही' असं, इंग्रजीत. अडलीस तर तेवढं वाच आणि पुढे चल. आणि उभं राहून, मोठ्याने, घड्याळ लावून सराव कर. मनातल्या मनात पंधरा मिनिटांचं भाषण आठ मिनिटांत संपतं.

भटकभवानी
लोणारला पावसाळ्यात जावं का? २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं होतं ते अजून दिसतं का?

बेसॉल्ट
नाही. ते २०२० च्या जूनमधलं, हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांमुळे. पुण्याच्या आघारकर संस्थेने तपासलं होतं. प्रवासासाठी वेगळा धागा काढा ना.

डॉलरचिन्ह
विवराचं वय मात्र नक्की सांगा, ५२ हजार वर्षं.

बेसॉल्ट
तो जुना आकडा, थर्मोल्युमिनेसन्सचा, म्हणजे तापवल्यावर निघणाऱ्या प्रकाशावरून काढलेला. २०११ मध्ये आर्गॉन पद्धतीने (खडकात साठलेल्या आर्गॉन वायूवरून) सुमारे ५ लाख ७० हजार आलं. @रानवारा, हे तुला विचारणारच. दोन्ही आकडे आणि दोन्ही पद्धती सांग, आणि तुला कुठला पटतो तेही. इथे गप्प राहू नकोस.

रानवारा
५२ हजारच लिहिलंय मी! बदलते. बाकी १४ स्लाइडवर आलेय. खडूफळा काका, विवराचा छेद फळ्यावर काढू का? फळा पडद्याच्या मागेच आहे.

खडूफळा
मग राहू दे. कोरी स्लाइड ठेवून त्यावर एकेक थर येऊ दे, आधी बेसॉल्ट, मग खड्डा, मग उडालेला मलबा, आणि थराबरोबर बोलत जा.

पल्लवी_के
प्रोजेक्टर व्हीजीएवाला आहे का बघ, नवीन लॅपटॉपला ते भोक नसतं. कन्व्हर्टर आजच मागून ठेव.

डॉलरचिन्ह
आणि पीडीएफही पेनड्राइव्हवर घ्या. बीमरमध्ये थेट पीडीएफच मिळते, म्हणून म्हणत होतो.

रानवारा
पण पीडीएफमध्ये काकांचे थर एकेक येतील का?

उंबरठा
नाही येणार. प्रत्येक थराची वेगळी स्लाइड कर, मग दोन्हीकडे चालेल.